निभावलं!

परवा लंच टाइमला टीममधला नवा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. क्लायंटला मेल चालला होता. त्यात वाक्य होतं, ‘वी पुल्ड थ्रू द प्रेझेंटेशन.’ वर विचारतो, ‘बॉस, भारी वाटतंय ना?’ म्हटलं, ‘बाबा रे, प्रेझेंटेशन होतं की मेंदूचं ऑपरेशन?’

तर दोस्तहो, आजचा फंडा ‘पुल थ्रू’चा. शब्दशः ओढून पार नेणं. पण वापरायचं ते गाडी खरंच दरीच्या कडेला असेल तेव्हा. जबर आजारपण, मोठा अपघात, धंदा बुडायची वेळ. प्रेझेंटेशन कसंबसं उरकलं तर ‘गॉट थ्रू’. महिनाअखेरीला वडापाववर भागवलं तर ‘गॉट बाय’. आणि अशक्य वाटणारं डील जमवून आणलं तर ‘पुल्ड इट ऑफ’.

हे मी डिक्शनरीतून शिकलो नाही. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. बाबा आयसीयूत. आत जायला बंदी. दिवसातून एक फोन यायचा, तोही डॉक्टरांना सवड मिळेल तेव्हा. आठव्या दिवशी थकलेल्या आवाजात एकच वाक्य आलं, ‘आय थिंक ही विल पुल थ्रू.’ फोन कट.

आई समोर उभी. ‘काय म्हणाले?’

इंग्रजीच्या जिवावर पगार घेणारा मी, मला त्या एका वाक्याचं मराठी सुचेना. ‘बरे होतील’ म्हणावं, तर डॉक्टर तेवढं ठाम बोलले नव्हते. ‘जगतील’ हा शब्द तोंडातून फुटेना. शेवटी म्हटलं, ‘यातून निभावतील म्हणतायत.’ आई मटकन खाली बसली. आणि त्या रात्री आठ दिवसांनी नीट जेवली.

त्याच रात्री ऑफिसातल्या एकाचा मेसेज आला, ‘होप युअर डॅड पुल्स ऑफ सून!’ ग्रामरची पार वाट लागलेली, पण च्यायला, डोळे भरून आले.

बाबा २२ दिवसांनी घरी आले. मी सगळ्यांना मेल टाकला, ‘ही पुल्ड थ्रू.’ कौतुकानं त्यांना वाचूनही दाखवला. तर म्हणाले, ‘मी कसला पुल करतोय? त्या सिस्टर रात्रीबेरात्री येऊन मला पालथं झोपवायच्या, पुन्हा कुशीवर वळवायच्या. त्यांनी ओढून काढलं मला.’

ग्रामर बाबांचं पक्कं होतं. या क्रियापदाला कर्मही चालतं, आणि ‘हिम’, ‘हर’, ‘मी’ असलं कर्म बरोब्बर मधोमध बसतं. ‘द नर्सेस पुल्ड हिम थ्रू.’ मेल दुरुस्त करून पुन्हा पाठवला.

तेव्हा या आठवड्याचा होमवर्क. तुम्हाला कधीतरी कुणीतरी ओढून काढलं असेल, त्यावर एक वाक्य लिहा. कर्ता विसरायचा नाही. आणि लिहून झालं की ते मला नको, त्या माणसालाच पाठवा.