केसांचा घसारा आणि स्वयंपाकघरातील उपाय

दिवाळी सरली की हवेतील ओलावा कमी होऊ लागतो आणि घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते : केस कोरडे पडले, विंचरताना तुटतात, टोकांना फाटे फुटले. मग कोणी पिकलेले केळे कुसकरून लावते, कोणी दह्यात मेथी वाटते, कोणी बाजारातून महागडी बाटली आणते. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! या खटपटीत केस ही वस्तू मुळात काय आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. म्हणून त्याला बाहेरून ‘पोषण’ देता येत नाही. केस महिन्याला साधारणपणे एक सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने ६० सेंटिमीटर लांबीच्या वेणीचे टोक सुमारे ५ वर्षांपूर्वीचे असते. तेवढ्या काळात त्याने शेकडो वेळा पाणी, साबण, फणी आणि ऊन सोसलेले असते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर यंत्रसामग्रीप्रमाणे केसांनाही घसारा लागू असतो. नवी भर पडते ती फक्त मुळाशी; टोकाकडील झीज भरून निघत नाही. घसाऱ्याचा दर मात्र कमी करता येतो. घरगुती उपायांचे खरे मोल तेवढेच, आणि ते थोडे नव्हे.

कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावण्याची गरज भासू नये. लोकर आणि माणसाचा केस ही दोन्ही केराटिन या एकाच प्रथिनाची बनलेली असतात. दोन्हींवर कौलांप्रमाणे एकावर एक चढवलेले सूक्ष्म खवले असतात. लोकरीची शाल गरम पाण्यात सोडा घालून चोळली तर ती आटते व तिचा गोळा होतो, हे दुकानात नव्याने लागलेल्या मुलालाही ठाऊक असते. डोक्यावरच्या लोकरीला मात्र तीच वागणूक बिनदिक्कत दिली जाते.

पहिला मान खोबरेल तेलाचा

कोरड्या केसांसाठी स्वयंपाकघरात सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे साधे खोबरेल तेल. पाणी शोषले की केस फुगतो, वाळला की आकसतो. वारंवार घडणाऱ्या या क्रियेत खवले उचलले जातात आणि आतील प्रथिन झिजते. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ रचनेचे असल्याने ते केसाच्या आत शिरतात आणि हे फुगणे कमी करतात. मुंबईतील रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना केली होती. त्यांपैकी केवळ खोबरेल तेलाने प्रथिनाची झीज ठळकपणे कमी झाली. हे संशोधक तेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्याच प्रयोगशाळेतील होते, ही गोष्टही चोख हिशेबात नोंदवली पाहिजे. तथापि कारण आणि परिणाम यांची सांगड पटण्यासारखी आहे.

यातून निघणारा नियम सोपा आहे : तेल न्हाण्याआधी लावावे. कमरेपर्यंतच्या केसांना दोन ते तीन चमचे पुरतात. थंडीत तेल गोठले तर वाटी गरम पाण्यात ठेवून ते पातळ करावे. थेट गॅसवर तापवू नये. केसांचे चार भाग करून मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत तेल चोळावे, कारण टाळूचे नैसर्गिक तेल टोकांपर्यंत पोहोचत नाही. अर्धा तास पुरे. रात्रभर ठेवले तरी चालते. डोक्यात कोंडा असल्यास टाळूला तेल लावू नये, त्याने कोंडा वाढू शकतो. तेल लावून, प्लॅस्टिकची टोपी घालून शेगडीपाशी मुळीच उभे राहू नये.

एरंडेल फार चिकट असते. एक भाग एरंडेल व तीन भाग खोबरेल असे मिश्रण चालेल. नुसते एरंडेल लावल्यास केसांचा न सुटणारा गुंता होण्याचा धोका असतो.

दही आणि जवस

दह्यातील सौम्य आम्लामुळे उचललेले खवले काहीसे खाली बसतात आणि स्निग्धांशामुळे केस निसरडे होतात. अर्धी वाटी ताजे, साईचे दही घुसळून वीस मिनिटे लावावे आणि कोमट पाण्याने धुवावे. मेथीचे बुळबुळीत पाणीही गुणकारी असते. परंतु मेथी कडधान्याच्या कुळातील असल्याने कच्च्या दह्याशी तिचा संयोग अनेक जैन घरांत द्विदल म्हणून टाळला जातो. तेथे एक वेळ दही आणि दुसऱ्या वेळी जवस वापरावे.

जवसाची कृती अशी : दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटे मंद आचेवर उकळावे. पाण्याला तार येऊ लागताच, गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावे. थंड झाल्यावर ते गाळले जात नाही. निवल्यावर हा लगदा धुतलेल्या ओल्या केसांना लावून जाड दातांच्या फणीने गुंता सोडवावा आणि दहा मिनिटांनी पाण्याने धुवावे. हा लगदा त्याच दिवशी संपवावा. त्यात टिकाऊ द्रव्य नसल्याने तो लवकर नासतो. शिळे न ठेवण्याची घरची शिस्त येथे आपोआप उपयोगी पडते.

वर्ज्य वस्तूंवाचून अडत नाही

इतरत्र छापल्या जाणाऱ्या कृतींत अंडे, मध, कांद्याचा रस आणि कोरफड यांची रेलचेल असते. अंडे व मध जैन घरांत नसतात. कांदा कंदमूळ म्हणून आणि कोरफड अनंतकाय म्हणून अनेकांना वर्ज्य असते. त्यामुळे मोठा लाभ हुकला, असे मानण्याचे कारण नाही. अंड्यातील प्रथिनाचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नसतात. जो मऊपणा जाणवतो तो बलकातील स्निग्धांशाचा, आणि तो दह्याच्या सायीतूनही मिळतो. याउलट बाजारातील ‘केराटिन’युक्त उत्पादनांविषयी सावध राहावे. हे केराटिन बहुधा लोकर, पिसे किंवा शिंगे यांपासून काढलेले असते. ‘सिल्क प्रोटीन’ तर रेशमाचेच. बाटलीच्या मागील बारीक अक्षरे कर्जाच्या कागदपत्रांइतक्याच काळजीने वाचावीत. शाकाहारी घटकांचा साधा कंडिशनर मिळाल्यास तो वापरण्यात कमीपणा नाही. झिजलेल्या केसाला चिकटून राहण्याचा त्याचा गुण स्वयंपाकघरातील कोणत्याही वस्तूत नाही.

खाण्याचा सोडा केसांना लावू नये. तो खवले उचलतो. लिंबाचा रस तसाच टाळूवर चोळू नये. बोअरवेलचे जड पाणी व साबणाची वडी यांचा मेळ केसांवर राखट थर बसवतो. अशा ठिकाणी एक लिटर पाण्यात एक चमचा गाळलेला लिंबाचा रस घालून शेवटी केस खंगाळावेत व वर एक तांब्या साधे पाणी घ्यावे. ओला केस सर्वांत दुबळा असतो. तो टॉवेलने खसखसून पुसण्याऐवजी सुती पंचात गुंडाळून टिपावा. फाटे फुटलेले टोक कोणत्याही लेपाने जुळत नाही. तेथे कात्रीच हवी.

दोष केसांचा नसतो तेव्हा

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एका किराणा व्यापाऱ्याच्या घरातील सुनेचे केस जाडेभरडे व कोरडे होऊ लागले. सासूबाईंनी मायेने आठवड्यातून दोनदा तेल लावले, दह्याचे लेप दिले. सून दिवसभर थकलेली असे, तिला इतरांपेक्षा अधिक थंडी वाजे, वजन वाढत होते. पण ते कामाच्या ताणावर ढकलले गेले. वर्ष उलटल्यावर रक्त तपासले तेव्हा थायरॉईड मंदावल्याचे निष्पन्न झाले. लेपांनी अपाय केला नाही; त्यांनी फक्त वर्ष खाल्ले.

कोरड्या केसांसोबत थकवा, थंडी सहन न होणे किंवा बद्धकोष्ठता असेल तर थायरॉईडची. चेहरा फिकट पडून धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन व लोहाची. जीभ हुळहुळत असेल वा हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. वनस्पतिजन्य आहारात बी-१२ जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातूनच मिळते. दूध-दही कमी घेणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. बाळंतपण, मोठा ताप किंवा दीर्घ तपश्चर्या यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस अधिक गळू शकतात. मुळे शाबूत असल्याने ते बहुधा पुन्हा येतात. मात्र पारण्यानंतर आहार विचारपूर्वक पूर्वपदावर आणावा.

औषध सुरू झाले तरी जुन्या केसांत लगेच फरक दिसत नाही. सुधारणा मुळाशी येणाऱ्या नव्या केसात दिसते आणि तीही महिन्याला एका सेंटिमीटरच्या चालीने. तोवर न्हाण्याआधी तीन चमचे खोबरेल तेल सुरू ठेवावे. दोन महिने नियमाने असे करूनही कोरडेपणा हटत नसेल तर लेप बदलत बसू नये. डॉक्टरांची वेळ घ्यावी.