पानफुटी म्हणून आलेलं रोप

मागच्या पावसाळ्यात खालाजाननी वसमतहून तेलाच्या डब्यात लावलेलं एक रोप आमच्या कुरुंद्याच्या घरी आणून दिलं. नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. पानांच्या टोकांना इवली इवली पिल्लं धरलेली पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, "ही तर पानफुटी! मुतखड्यावर रोज सकाळी दोन पानं चावून खायची." अब्बांना मुतखड्याचा त्रास आहेच. ते पानं तोडायलाही निघाले होते, पण अम्मीने अडवलं. नक्की काय आहे ते कळल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.

गावातच एका परसात जुनी पानफुटी आहे. तिचं पान मागून आणलं आणि डब्याशेजारी ठेवलं. ते रुंद, मांसल, कडेला बोथट दाते असलेलं. जून झाडावर एका देठाला अशी तीन किंवा पाच पानं येतात आणि पान गळून पडलं की कडेच्या खाचांतून पिल्लं फुटतात. आमच्या रोपाचं पान पेन्सिलीसारखं बारीक आणि गोल, करड्या रंगावर तपकिरी ठिपके. दाते फक्त टोकाला, आणि पिल्लंही तिथेच, पान झाडावर असतानाच. तरीही काकू मानेनात.

जानेवारीत शेंड्यावर नारिंगी-लाल घंटांचा झुबका खाली मान घालून लोंबू लागला. एक फूल उकलून पाहिलं. पाकळ्या चार, पुंकेसर आठ. म्हणजे कुळ पानफुटीचंच, काकू अगदीच चुकल्या नव्हत्या. पण पानफुटीचं फूल कागदी फुग्यासारख्या आवरणात असतं, पाकळ्यांची टोकं तेवढी बाहेर डोकावतात. इथे आवरण आखूड आणि नळी पूर्ण उघडी. पान आणि फूल दोन्ही जुळले ते कलांचो डेलागोएन्सिसशी. मूळ मादागास्करचं हे झाड शोभेसाठी जगभर पसरलं आहे.

आणि ते विषारी आहे. थेट हृदयावर परिणाम करणारं विष, फुलांत सर्वांत जास्त. ऑस्ट्रेलियात मोरी गावाजवळ 1997 मध्ये हे झाड खाऊन 125 गुरं दगावली होती. हे वाचलं आणि आमचं लक्ष अंगणातल्या बोकडाकडे गेलं. कुर्बानीसाठी पाळलेला, दावं लांब, डबा तीन हातांवर!

डबा त्याच दिवशी हलवला. फुलं, गळालेली पिल्लं एकेक वेचून पिशवीत बांधली, उन्हात पार वाळवून जाळली. उकिरड्यावर टाकली असती तर तिथेही रुजली असती. खरी पानफुटीही याच जातकुळीची, तिच्यातही असली द्रव्यं असतात. त्यामुळे अब्बांना तीही दिली नाही, डॉक्टरांकडे नेलं.

मग आठवलं, दिवाळीत काकूंनी हौसेने चार पिल्लं नेली होती. त्यांच्या दारात तीन शेळ्या. आम्ही तसेच पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो.