चौपाटीला कुलूप हा इलाज नव्हे

गिरगाव आणि दादर येथील चौपाट्यांवर कचऱ्याचे ढीग दिसू लागले, की त्या काही काळ बंद ठेवाव्यात, निदान तेथे येणाऱ्यांवर मर्यादा घालावी, अशी सूचना पुढे येते. सूचनेमागील तळमळ आम्हांस मान्य आहे. परंतु अशा निर्बंधाने कचरा किती घटेल आणि त्याची किंमत कोण देईल, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

निर्बंधाचा अनुभव मुंबईस नवा नाही. २०२२ च्या जुलै महिन्यात महापालिकेने असे ठरविले, की हवामान खात्याचा नारिंगी अथवा लाल इशारा असेल त्या दिवशी समुद्रकिनारे सकाळी ६ ते १० या वेळेतच खुले राहतील. माणसे बुडू नयेत हा त्यामागील हेतू होता व तो सर्वस्वी योग्य होता. परंतु जीव वाचविण्यासाठी योजिलेला उपाय कचऱ्यावरही लागू पडेलच, असे मात्र नव्हे.

कारण चौपाटीवर कचरा दोन वाटांनी येतो. भेळेचे कागद, शहाळी, पाण्याच्या बाटल्या हा माणसांनी आणलेला कचरा. माणसे रोखली तर तो खचित कमी होईल. दुसरी वाट समुद्राची. शहराचे नाले आणि माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी पावसाळ्यात आमच्याच घरांतले प्लॅस्टिक सागरात लोटतात व भरती ते साभार परत करते. २०१८ च्या जुलैमधील मोठ्या भरतीने मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर कित्येक टन कचरा आणून टाकला. तो तेथे फिरावयास आलेल्यांनी टाकलेला नव्हता. त्याच वर्षी २३ जूनपासून राज्यात प्लॅस्टिकबंदी अमलात आली होती, हेही ध्यानात ठेवावे. या कचऱ्यास फाटक अडवू शकत नाही.

फिलिपाईन्समधील बोराकाय बेट २०१८ साली सहा महिने पर्यटकांस बंद ठेवले गेले, हा दाखला नेहमी दिला जातो. तथापि त्या अवधीत तेथे सांडपाण्याच्या बेकायदा जोडण्या शोधून तोडण्यात आल्या, हे सांगावयाचे राहून जाते. बंदी ही दुरुस्तीसाठी मिळविलेली सवड होती.

आता किमतीचा प्रश्न. सकाळची वेळ निवृत्तांस व फिरावयास जाणाऱ्यांस सोयीची. पण लालबाग-परळच्या चाळीतील कुटुंबास दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळचाच काय तो वारा मिळतो. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याचे अंगण काढून घेऊन शहर स्वच्छ होत नसते. गिरगावच्या वाळूवर १९२० साली लोकमान्यांस आणि दादरच्या किनाऱ्यावर १९५६ साली डॉ. आंबेडकरांस लोकसागराने अखेरचा निरोप दिला. हे किनारे जनतेचे आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे, की वादळी दिवसांत प्राणरक्षणार्थ निर्बंध अवश्य असावेत. स्वच्छतेसाठी मात्र प्रथम नाल्यांच्या मुखाशी जाळ्या बसवाव्यात व त्या पावसाळ्यात रोज उपसाव्यात. विक्रेत्यांवर आपापल्या परिसराची जबाबदारी टाकावी, दंड खरोखर वसूल करावा. त्यानंतरही निर्बंधाचा प्रयोग करावयाचाच असेल, तर वाळूवरील व भरतीरेषेवरील कचरा आधी आणि नंतर निरनिराळा तोलून ते आकडे नागरिकांपुढे ठेवावेत. आणि नागरिकांनीही, घरच्या खिडकीतून नाल्यात पडणारी पिशवी उद्या चौपाटीवरच भेटणार आहे, हे ओळखून वागावे.