रत्नागिरीत एक रात्र तरी राहा

मे महिना लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. पुण्या-मुंबईचे नातेवाईक, मैत्रिणींच्या सुना, कुणाचे तरी शेजारी. प्रश्न ठरलेला. “काकू, गणपतीपुळ्याला निघालोय. रत्नागिरीत दोनेक तास मिळतील. तेवढ्यात काय काय बघून होईल?” मी सांगते, दोन तासांत काही होणार नाही बाळा, रात्री राहा.

हे मी केवळ आग्रहापोटी म्हणत नाही. रत्नागिरी हे पहाटे आणि तिन्हीसांजेला बघायचं गाव आहे, आणि नेमके त्या दोन्ही वेळांना पाहुणे रस्त्यात असतात. अकरा वाजता येतात, भर उन्हात थिबा राजवाड्यासमोर फोटो काढतात, मांडवीला गाडीत बसूनच समुद्र बघतात, आंबापोळी आणि कोकमची बाटली घेतात आणि निघतात. घरी गेल्यावर सांगतात, रत्नागिरी शहरात बघण्यासारखं विशेष काही नाही. ते ऐकलं की मला लागतं.

राहिलात, तर पहाटे आधी मिरकरवाडा गाठायचा. कोकणातल्या मोठ्या मासळी बंदरांपैकी हे एक. धक्क्याला नौका इतक्या खेटून उभ्या असतात की खलाशी एकीवरून दुसरीवर पाय टाकत किनाऱ्याला येतात. इथले मच्छीमार दालदी, खारवी, भंडारी. खलाशांत मात्र नेपाळहून आलेली मुलंही पुष्कळ दिसतात, डोंगरात वाढलेली आणि आता समुद्रावर पोट असलेली. बर्फाचा भुगा, डिझेलचा वास, पायाखाली चिखल, आणि या सगळ्यात चाललेला लिलाव. बाहेरच्या माणसाला आकडे कानावर पडेपर्यंत ढीग विकलासुद्धा जातो. तिथे मध्ये न येता बाजूला उभं राहावं आणि मासळी घ्यायला आलेल्या एखाद्या बाईचे हात बघावेत. ती बांगडा उचलते, अंगठ्यानं कल्ला वर करते. आत लालभडक असेल तर पुढची परीक्षा: पोटाजवळ बोट दाबायचं. मांस लगेच वर आलं तर मासा टोपलीत, खळगा तसाच राहिला तर परत ढिगात. हे सगळं बोलता बोलता, भावाची घासाघीस चालू असताना. शहरात वाढलेल्या मुलांना हे मुद्दाम दाखवावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा धक्का शांत असतो आणि जाळ्यांच्या दुरुस्तीचं काम चालतं. नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा गजबज.

उन्हं वर यायच्या आत रत्नदुर्ग चढून घ्यावा. तिन्ही बाजूंना समुद्र, वर भगवतीचं देऊळ, टोकाला दीपगृह. किल्ला म्हणून त्याचा इतिहास मोठा आहेच, पण मला तो आवडतो तो वरून दिसणाऱ्या दोन किनाऱ्यांसाठी. उत्तरेला मिऱ्याकडे जाणारा पांढरा समुद्र, दक्षिणेला मांडवीचा काळा समुद्र. एकाच गावाच्या दोन बाजूंना वाळूचे दोन रंग. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोह असलेली जड खनिजं आहेत, सह्याद्रीच्या कातळातून झिजून नद्यांबरोबर आलेली. मुलं बरोबर असतील तर एक लोहचुंबक पिशवीत टाकावा. कोरड्या वाळूतून तो फिरवला की काळे कण दाढीसारखे त्याला लोंबकळतात, आणि मग मुलं किनाऱ्यावरून लवकर हलत नाहीत. पांढऱ्या समुद्राच्या बाजूला मात्र लाटांनी किनारा फार खाल्ला आहे. बंधाऱ्याचे दगड दिसतील. ज्यांनी तिथली जुनी रुंद वाळू बघितली आहे त्यांना आता तिकडे जावंसं वाटत नाही. तरीही जा, आणि मिऱ्याची माणसं दर पावसाळा कशी काढतात ते विचारा.

आता थिबा राजा. त्याच्या राजवाड्याला पंधरा मिनिटं देऊन भागत नाही. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर बसला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये राजा, राण्या आणि लहान मुली रत्नागिरीला आणल्या गेल्या. रत्नागिरीच का? कारण पाठीमागे घाट, पुढे समुद्र, रेल्वे नाही आणि पावसाळ्यात बोटीही बंद. कैद्याला भिंतीआड ठेवायची गरज पडू नये असं हे गाव होतं. राजानं इथे तीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी बंगल्यांमधून गेली. आज आपण बघतो तो राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. म्हणजे ज्या वास्तूला त्याचं नाव आहे, तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला.

त्याच १९१० मध्ये, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि वर्षाच्या शेवटी त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहायला घेतलं. मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचा माणूस मंडालेत. टिळक आळीतल्या टिळकांच्या जन्मघरात, त्या चिऱ्याच्या भिंतींपाशी उभं राहिलं की मला दर वेळी हे आठवतं. म्हणून पाहुण्यांना मी सांगते, ही दोन घरं एकाच दिवशी बघा, पाठोपाठ बघा. एका सत्तेनं दोन माणसांना परस्परांच्या गावात नेऊन ठेवलं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि दोन्ही उंबरे एका सकाळी ओलांडणं वेगळं.

राजवाडा म्हणजे आता वस्तुसंग्रहालय. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचं लाकूडकाम बघा, आणि तिथून जवळच्या थिबा पॉइंटवर जाऊन काजळी नदी भाट्याला समुद्रात उतरताना बघा. पण तेवढ्यावर परतू नका. राजाची समाधी गावातच आहे, वस्तीच्या मधोमध, आणि तिथे फार कमी लोक जातात. २०१२ साली म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. इतक्या लांबून एका देशाचा प्रमुख ज्या जागेसाठी येतो, ती आपल्याकडच्या सहलींच्या यादीत नसावी, याचं मला वाईट वाटतं. राजाच्या थोरल्या मुलीचा वंश तर इथेच रुजला. तिची मुलगी टूटू याच गावात लहानाची मोठी झाली, संसार केला आणि २००० साली इथेच गेली. ती मराठी बोलायची. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी तिला रस्त्यानं जाताना पाहिलेलं आहे.

रत्नागिरीत ठेवलेले दुसरे स्थानबद्ध म्हणजे सावरकर, १९२४ ते १९३७. त्यांच्या राजकारणाविषयी ज्याचं त्याचं मत असो. पतितपावन मंदिर मात्र बघावं. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी आपल्या पैशानं हे देऊळ बांधलं, सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश मिळावा म्हणून. भागोजीशेठ भंडारी समाजातले, गरिबीतून वर आलेले, मुंबईत बांधकामांवर नाव कमावलेले. त्या काळी गावात या देवळावरून केवढं वादळ उठलं असेल, याचा अंदाज आज त्या शांत सभामंडपात बसून येत नाही. वाचणाऱ्यांसाठी आणखी एक: १८२८ साली सुरू झालेलं नगर वाचनालय. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक, आणि अजून चालू आहे.

दुपारी उन्हात फिरू नये. जेवावं आणि आडवं व्हावं. जेवणाचं म्हणाल तर नुसत्या सुरमईच्या मागे लागू नका. म्हाकूल मिळालं तर घ्या, खाडीतली कालवं मिळाली तर सोडू नका. शाकाहारी पाहुण्यांनी मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी विचारून घ्यावी, आणि कुळथाच्या पिठीला साधं जेवण म्हणून नाकारू नये. आंब्याच्या दिवसांत ओळखीनं एखाद्या बागेत जाता आलं तर बाजारातून पेटी घेण्यापेक्षा ते शंभरपट चांगलं. झेल्यानं आंबा उतरवताना देठ राखावा लागतो. देठ तुटला की चीक ओघळतो आणि फळावर डाग पडतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आंब्याच्या भावावरून बागायतदाराशी वाद घालावासा वाटत नाही.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर कातळशिल्पं. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, जांभ्याच्या उघड्या कातळात हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी प्राणी, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. उक्षीचा हत्ती शहराहून तासाभराच्या अंतरावर आहे. गावानंच त्याला कुंपण घातलं आणि बघायला उंचवटा बांधला. कशेळीचा हत्ती त्याहून कितीतरी मोठा, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या देहाच्या रेषेच्या आत दुसरे प्राणी, शार्क, पाकट कोरलेले. हत्ती आता या भागात नाहीत, पाकट मात्र मिरकरवाड्याच्या धक्क्यावर आजही येते. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. त्यांना धोका आहे तो चिरेखाणींचा, रस्त्यांचा आणि आपल्या पावलांचा. रेषेवर उभं राहून फोटो काढू नका, पाणी ओतून किंवा खडूनं रेषा उठावदार करू नका. सकाळी किंवा उतरत्या उन्हात गेलात तर सावल्यांमुळे त्या आपोआप उठून दिसतात. गावातल्या माणसाला बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या.

संध्याकाळ मांडवीची. इथल्या कमानीला लोक कौतुकानं ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणतात. मुंबईची आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला यायची, ते दिवस माझ्या आईच्या पिढीनं पाहिले. आता तिथे भेळेच्या गाड्या, जेटीवर गप्पा मारणारे निवृत्त मास्तर, कॉलेजची मुलं, लहानग्यांना घेऊन आलेल्या आज्या. सूर्य बुडाला की बाहेरगावच्या गाड्या निघून जातात. तुम्ही बसून राहा. गाव आपल्या समुद्रावर येतं ते त्यानंतरच, आणि शेजारी बसलेल्याला काही विचारलंत तर तो तुमची आख्खी वंशावळ विचारून मगच उत्तर देईल.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला घावणे खाऊन खुशाल गणपतीपुळ्याला निघा. निवळीवरून हायवेनं जाऊ नका, आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं जा. घाटाच्या वळणावर गाडी थांबवायला जागा आहे, तिथून दोन्ही किनारे खाली दिसतात. आरे-वारेच्या पाण्यात मात्र पोहायला उतरू नका. तिथला प्रवाह फसवा आहे आणि दर वर्षी माणसं जातात. गणपतीपुळ्याच्या जरा पुढे मालगुंड आहे. तिथे केशवसुतांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे, सारवलेली जमीन आणि अंगणासकट. देवदर्शनाच्या रांगेतून मोकळे झालात की तेवढी वाकडी वाट करा.