सीमाप्रश्न : तराजू एकच हवा

कुकटपल्लीतील आपल्या कित्येक घरांची सोयरीक बिदर, भालकी, औरादकडची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले. मराठवाडा मुंबईकडे, तेलंगण आंध्राकडे आणि बिदर म्हैसूरकडे गेले. एकाच घरातील माणसे तीन राज्यांची झाली.

महाजन आयोगाने १९६७ साली २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे कर्नाटकाला सुचविली. बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने हे नाकारले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

कोसोव्होकडे पाहा. सर्बांनी १३८९ ची लढाई व जुने मठ पुढे केले, अल्बेनियनांनी आपले संख्याबळ. रक्तपात झाला, २००८ साली स्वातंत्र्य जाहीर झाले; सर्बियाला ते आजही मान्य नाही.

आमची भूमिका स्पष्ट आहे. चालुक्यांचे शिलालेख की मराठ्यांचे किल्ले, या वादाला अंत नाही. गाव हा घटक, तेथील बहुसंख्यांची भाषा आणि लोकेच्छा हाच न्याय्य निकष. पण मग तोच तराजू जत, अक्कलकोटच्या कन्नड गावांनाही लावावा लागेल. त्याला कचरणाऱ्यांनी न्यायाची भाषा बोलू नये.

फलकांना काळे फासून गाव मिळत नाही. निकाल लागेपर्यंत घटनेच्या कलम ३५० अ प्रमाणे सीमाभागातील प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळाले पाहिजे, मग ते मूल मराठी असो वा कन्नड. परभाषिक राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपण हे मागायचे नाही, तर कोणी?