रामगडमधला मराठी चेहरा

‘वेस्टर्न’ म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील घोडेस्वार, दरोडेखोर आणि कायद्याचे रक्षक यांच्या संघर्षाचा चित्रपटप्रकार. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या रमेश सिप्पी यांच्या ‘शोले’ने तो बंगळूरजवळील रामनगरच्या खडकांत, म्हणजे पडद्यावरच्या रामगड गावात रुजवला. त्यात दरोडेखोर गब्बरसिंगच्या टोळीतील कालिया साकारणारे विजू खोटे पडद्यावर मोजकाच वेळ दिसतात, तरीही त्यांचा भेदरलेला चेहरा विसरला जात नाही, कारण खलनायकाची दहशत त्याच्या संवादांइतकीच समोरच्याच्या भीतीतून सिद्ध होते. हेच विजू खोटे पुढे ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) हसवतात आणि त्याचे दिग्दर्शक सचिन ‘शोले’त अहमद झालेले असतात. वाचकांनी ‘शोले’ पुन्हा पाहताना या छोट्या भूमिकांकडेही आवर्जून लक्ष द्यावे.