चाकरी हातांची, मत मनाचे

गोव्यात भाषेविषयी मत नसलेला मराठी माणूस शोधूनही सापडणार नाही. डिचोली तालुक्यातील सुर्ल्यापासून थेट पेडण्यापर्यंत देवळाच्या मंडपात आणि चहाच्या दुकानात राजभाषेचा वाद १९८७ पासून चालूच आहे. पूर्वी असे बोलणे वाऱ्यावर जात असे. आता तेच मत फेसबुकवर किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप गटात लिहिले जाते आणि लिहिलेले मागे राहते. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढतो, तो वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचतो आणि भाषेचा प्रश्न एकाएकी नोकरीचा प्रश्न होऊन बसतो. मालकाचा हक्क नोकराच्या कामावर आहे हे कोणीही मान्य करील. पण तो त्याच्या मतावरही आहे काय?

गोव्याने या प्रश्नाचा अनुभव घेतला आहे. २०२० साली पणजीजवळच्या साळगावकर कायदा महाविद्यालयातील एका प्राध्यापिकेच्या फेसबुकवरील मजकुरावरून वादळ उठले. मंगळसूत्राविषयी त्यांनी केलेली तुलना अनेकांना झोंबली. एका विद्यार्थी संघटनेने त्यांना काढून टाकण्याची मागणी केली, नोव्हेंबरमध्ये धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हाही नोंद झाला. महाविद्यालयाने मात्र त्यांना कामावरून काढले नाही. मजकूर कोणाला रुचो वा न रुचो, वर्गातील शिकवणे आणि खासगी खात्यावरील लिखाण या दोन गोष्टी तेथे वेगळ्या मानल्या गेल्या.

मुंबईत याच्या उलट घडले. मे २०२४ मध्ये विद्याविहारच्या सोमय्या शाळेने आपल्या मुख्याध्यापिकेला बडतर्फ केले. इस्रायल-हमास संघर्षावरील काही मजकुरांना त्यांनी आपल्या खात्यावरून पसंती दर्शवली, हा आक्षेप होता. त्याआधी २०१९ मध्ये मुंबई महापालिकेतील सनदी अधिकारी निधी चौधरी यांनी गांधीजींवर केलेले ट्विट गाजले. आपण उपरोधाने लिहिले होते असा खुलासा त्यांनी केला, तरी त्यांची मंत्रालयात बदली झाली. तेव्हा केवळ लिहिणेच नव्हे, तर दुसऱ्याच्या लिखाणाला अंगठा दाखवणेही आज अंगाशी येऊ शकते.

आता आपल्या भागाकडे वळू. गोव्यातील सरकारी कर्मचाऱ्याला १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांतील नववा नियम सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर जाहीर प्रतिकूल टीका करण्यास मनाई करतो. सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीत महाराष्ट्राचे १९७९ चे नियम आहेत. शिवाय २८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. धोरणावर टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवा, असे त्यांत बजावले आहे. कंत्राटी कर्मचारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतील नोकरही त्यांच्या कक्षेत आहेत. म्हणजे एकाच घरातील भाऊ गोव्यात कारकून आणि बहीण सिंधुदुर्गात शिक्षिका असली, तरी दोघांच्याही लेखणीवर पहारा आहे.

मराठी माणसाला खरी अडचण येथे आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराला मुभा दिली. मराठीलाही राजभाषेचा दर्जा द्यावा अशी मागणी करणे म्हणजे कायद्यात सुधारणा मागणे होय. ती मागणी पूर्णपणे सनदशीर आहे. परंतु एखाद्या सरकारी मराठी शाळेच्या मास्तरांनी ती आपल्या खात्यावर मांडली, तर वरिष्ठ तिला ‘धोरणावरील प्रतिकूल टीका’ म्हणू शकतात. ज्यांना भाषेचे दुखणे सर्वांत जवळून कळते, पटावरची घटती मुले जे रोज मोजतात, त्यांचीच तोंडे बंद राहिली तर या वादात बोलणार कोण? उरतील ते राजकारणी.

न्यायालयांनी मात्र सरकारी नोकराला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोकरीत शिरताना माणूस मूलभूत हक्क दारात ठेवून येत नाही. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयापुढे एका महिला कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. राजकीय सभेतील हजेरी आणि फेसबुकवरील मजकूर यांवरून त्यांना निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केले होते. वर्तणूक नियमांची मर्यादा पाळून आपली मते बाळगण्याचा आणि मांडण्याचा अधिकार सरकारी नोकरालाही आहे, असे सांगून न्यायालयाने त्यांच्यावरील खातेनिहाय कारवाई बंद करण्यास सांगितले. मात्र निकाल लागेपर्यंतचा काळ घरात चूल पेटती ठेवून काढावा लागतो. निलंबनात सुरुवातीला साधारण निम्म्या पगारावर भागवावे लागते.

खासगी नोकराची स्थिती याहून बिकट आहे. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मोपा विमानतळावर कंत्राटावर राबणाऱ्या तरुणाला बडतर्फीची नोटीसही लागत नाही. कंत्राटाचे नूतनीकरण केले नाही की काम झाले. राज्यघटनेचा आधार तेथे सहजासहजी हाती लागत नाही. नियुक्तीपत्रातील ‘कंपनीच्या प्रतिष्ठेस बाधा’ हे शब्द मालक ताणेल तेवढे ताणले जातात.

मग मालकाने काहीच करू नये काय? तसे नव्हे. मे २०२५ मध्ये बंगळूरजवळच्या स्टेट बँकेच्या एका शाखेतील व्यवस्थापकाने ग्राहकाशी कन्नड बोलण्यास नकार दिला. चित्रफीत पसरली आणि बँकेने बदली केली. तेथे प्रश्न मताचा नव्हता, सेवेचा होता. काउंटरवर बसून लोकांची भाषा नाकारणे, कार्यालयाची गुपिते फोडणे, एखाद्या समाजाविरुद्ध हिंसेला चिथावणी देणे, यांवर कारवाई व्हायलाच हवी. पण कामाचे तास संपल्यावर, स्वतःच्या नावाने, शिवीगाळ न करता मांडलेले मत हा गुन्हा ठरता कामा नये.

हा न्याय आपल्यालाही लागू करावा लागेल. एखादा कोकणीवादी प्राध्यापक मराठीविरुद्ध लिहितो, तेव्हा आपल्यातलेच काहीजण त्याच्या संस्थेकडे तक्रारी धाडतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, असे करून चालणार नाही. आज त्याची नोकरी घालवण्याचा जो रस्ता आपण पाडू, त्याच रस्त्याने उद्या आपल्या मास्तरांच्या दारात कारवाईचा कागद येईल. मताला उत्तर मतानेच द्यावे. वृत्तपत्रे आहेत, सभा आहेत, साहित्य संमेलने आहेत.

तूर्त नोकरदारांनी नियुक्तीपत्र आणि लागू असलेले नियम एकदा नीट वाचावेत. टीका करण्याऐवजी मागणी मांडावी, कार्यालयाचे नाव आणि हुद्दा त्यात आणू नये. नोटीस आलीच तर घाबरून माफीनामा लिहून देण्यापूर्वी कर्मचारी संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि मराठी संस्थांनी सरकारकडे एक साधी गोष्ट मागावी : राजभाषेविषयी सनदशीर मत मांडणे हा वर्तणूक नियमांचा भंग नाही, असे परिपत्रक काढावे, आणि ते मराठी व कोकणी या दोन्ही बाजूंच्या कर्मचाऱ्यांना सारखेच लागू असावे. कोकणीवाद्यांनाही या मागणीला विरोध करण्याचे कारण नाही.